चिमणी नव्हे, वही

सलीम अली म्हटलं की पिवळ्या गळ्याची चिमणी. ही गोष्ट आपल्या बहुतेक मुलांना पाठ असते. दहा-बारा वर्षांचा एक पोरका मुलगा छर्‍याच्या बंदुकीने चिमणी मारतो. हातात घेतो तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामा अमीरुद्दीन तैयबजींना दाखवतो, मामा चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवतात. साहेब कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवतात, आणि तो मुलगा पुढे जगप्रसिद्ध पक्षिशास्त्रज्ञ होतो.

मी भाषेचा मास्तर. अर्धा दिवस उर्दू शिकवतो, अर्धा दिवस मराठी. व्याकरणाच्या तासाला ‘आणि’ हे उभयान्वयी अव्यय आहे, दोन वाक्यांना जोडतं, असं मुलांना सांगतो. पण वरच्या गोष्टीतलं ते शेवटचं ‘आणि’ जोडत नाही, लपवतं. त्याच्या पोटात सत्तरहून जास्त वर्षं दडलेली आहेत. त्या वर्षांत चमत्कार फारसे नाहीत. एक वही आहे, आणि ती रोज लिहिणारा माणूस आहे.

आपल्या उर्दू शाळांमध्ये ११ नोव्हेंबरला मौलाना आझादांची जयंती जोरात होते. तकरीरी होतात, तराने होतात, बक्षिसं वाटली जातात. दुसर्‍याच दिवशी, १२ नोव्हेंबरला, सलीम अलींचा जन्मदिवस असतो आणि तो बहुधा सामसूम जातो. महाराष्ट्र सरकार ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतं. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. पण याची खबर आमच्या गल्लीपर्यंत क्वचितच येते. आली तरी पोस्टरवर पुन्हा तीच चिमणी.

यात माझी तक्रार चिमणीबद्दल नाही. तक्रार आहे ती आपल्याला लागलेल्या एका सवयीबद्दल. आपल्याला एका क्षणात पालटलेलं नशीब फार आवडतं. जलशात टाळ्या मिळतात त्या अशाच गोष्टींना. खरं तर दीन आपल्याला उलट सांगतो. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. अल्लाहला सगळ्यांत प्रिय अमल तो, जो सातत्याने होतो, मग तो थोडा का असेना, असा तिचा आशय. रमजान संपत आला की दरवर्षी आपण ही हदीस बयानात ऐकतो. ईदच्या दुसर्‍या दिवशी मशिदीतल्या सफा किती उरतात, तेही दरवर्षी पाहतो.

तर त्या वहीबद्दल.

सलीम अलींचा जन्म १८९६ चा, मुंबईच्या खेतवाडीतल्या सुलेमानी बोहरा कुटुंबातला. भावंडांत सगळ्यांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. वाढवलं मामा अमीरुद्दीन आणि मामी हमीदा बेगम यांनी. काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष बद्रुद्दीन तैयबजी याच खानदानातले. या खानदानात एक सुंदर रिवाज होता. त्यांच्या घरांमधून ‘अखबार’ नावाच्या मोठ्या वह्या ठेवलेल्या असत. घरातले बुजुर्ग, बायका, मुलं, पाहुणे, ज्याला जे घडलं ते तीत लिहायचं. आधी गुजरातीत, मग उर्दूत. म्हणजे रोजचं लिहून ठेवण्याची रीत या मुलाने घरातच पाहिलेली होती. आपण मोठ्या माणसांची ‘प्रतिभा’ शोधतो, पण घरात कोणती वही उघडी पडलेली असायची हे विचारत नाही.

सलीम अलींची पक्ष्यांवरची सगळ्यांत जुनी टिपणं १९०६-०७ च्या सुमाराची आहेत. त्यांतलं एक टिपण चिमण्यांचंच आहे, पण साध्या घरचिमण्यांचं. तबेल्यात भिंतीच्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर पहार्‍याला. मुलाने गाडीमागे लपून नराला टिपलं. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला, तोही त्याच खिळ्यावर. त्यालाही टिपलं. सात दिवसांत आठ नर. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण मास्तर म्हणून मला त्यातली दुसरी गोष्ट दिसते. मुलाने आकडा लिहिला, दिवस लिहिले, खिळा लिहिला. पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्याला सोसायटीचं दार दाखवलं हे खरं, पण त्या दारातून आत जाऊन टिकून राहायला लागणारी चीज या ओळींत आहे. सुमारे साठ वर्षांनी हे टिपण पक्षीप्रेमींच्या एका पत्रिकेत छापलं गेलं, तेव्हा त्यातलं निरीक्षण अजून कामाचं होतं.

मधली वर्षं मी पटकन सांगतो, कारण ती अपयशाची आहेत आणि अपयश सगळीकडे सारखंच असतं. कॉलेजात गणिताने छळलं. शिक्षण सोडून ब्रह्मदेशात तवॉयला भावाच्या वोल्फ्रामच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यात गेले. धंदा चालला नाही, जंगल मात्र खूप पाहून झालं. विद्यापीठाची पदवी शेवटपर्यंत नव्हती. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, येणार्‍यांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. ती करताना आपलं शिक्षण अपुरं आहे हे कळलं आणि ते रजा घेऊन बर्लिनला प्रोफेसर एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले. १९३० मध्ये परतले तेव्हा म्युझियमकडे पैसे नव्हते आणि त्यांची जागाच रद्द झालेली होती.

चौतिशीकडे झुकलेला माणूस, लग्न झालेलं, परदेशातून शिकून आलेला, आणि बेकार. आपल्या ओळखीचंच चित्र आहे. मुंबईचा खर्च परवडेना म्हणून सलीम अली आणि त्यांची बेगम तहमीना अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले.

किहीमला घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. कोकणात पावसाळा सुरू झाला की ताडामाडाला, विहिरीवरच्या फांद्यांना हे खोपे लोंबायला लागतात. आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. बहिणाबाईंच्या कवितेमुळे मराठी माणसाच्या मनात एक चित्र पक्कं आहे की खोपा मादी विणते. प्रत्यक्षात विणतो नर. सलीम अलींनी आडोसा करून त्या वसाहतीसमोर रोज बसायला सुरुवात केली. दुसरं कामही नव्हतं, हे ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात. रोज पाहायचं, रोज लिहायचं. कोणत्या खोप्याचं काम कुठवर आलं, कोण आलं, कोण गेलं, मादी कोणत्या खोप्यात शिरली.

असे महिने गेले, आणि वहीतून हळूहळू एक गोष्ट वर आली. नर खोपा अर्धाच विणतो. वरचा भाग टोपीसारखा तयार झाला की थांबतो. मग माद्या पाहणीला येतात. नर पंख फडफडवून मिरवतात, माद्या आत शिरून धागे ओढून पाहतात, नापसंत पडला तर निघून जातात. पसंत पडला की मादी त्यात घर करते, नर उरलेलं काम पुरं करतो, खालची नळी विणतो. मादी अंडी घालून एकटीच उबवायला बसते. आणि नर? तो शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो, दुसर्‍या मादीसाठी. जमलं तर तिसरा.

हा शोध १९३१ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि सलीम अली हे नाव जाणकारांना ठाऊक झालं. थोडा विचार करा, हे आधी कुणाच्या लक्षात का आलं नसेल? सुगरण काही दुर्मीळ पक्षी नाही. हजारो वर्षं शेतकर्‍यांच्या डोळ्यांसमोर विणतोय. कारण असं आहे की एका दिवसात हे दिसतच नाही. रविवारी सहलीला गेलात तर काही खोप्यांत माद्या, काही खोप्यांवर नर, एवढंच दिसेल आणि तुम्ही समजाल की प्रत्येक खोप्यात एक जोडपं आहे. काल या खोप्यावर असलेला नर आज त्या खोप्यावर आहे, ही गोष्ट कालची ओळ लिहिलेली असेल तरच कळते. डोळे सगळ्यांना असतात. आजचं उद्यापर्यंत जपून ठेवायला कागद लागतो.

मी माझ्या सातवीच्या वर्गाला एकदा अशी वही घालायला सांगितलं. रोज एक ओळ, खिडकीतून जे दिसेल ते. नवव्या दिवसापर्यंत बहुतेकांच्या वह्या बंद पडल्या. तक्रार सगळ्यांची एकच, सर, आज नवीन काही नव्हतं. एक मुलगी मात्र रोज लिहीत राहिली. तिच्या कितीतरी पानांवर फक्त तारीख आणि ‘आज साळुंकी आली नाही’ एवढंच आहे. मला ती पानं फार मोलाची वाटतात. सलीम अलींनी कुमाऊंच्या डोंगरात पहाडी बटेर शोधण्यासाठी खूप पायपीट केली होती, तो सापडला नाही. ‘सापडला नाही’ हीसुद्धा पुढच्या माणसाला उपयोगी पडणारी नोंद असते.

किहीमनंतर नोकरी शोधण्याऐवजी त्यांनी संस्थानांकडे एक प्रस्ताव ठेवला. तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी करतो, मेहनताना नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. हैदराबाद संस्थान पहिलं. १९३१-३२ ची ती पाहणी. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मग त्रावणकोर आणि कोचीन, पुढे म्हैसूर, कच्छ आणि आणखी कितीतरी. पहाटे उठून रानात, दुपारी जमा केलेल्या नमुन्यांवर काम, आणि रात्री झोपण्याआधी दिवसभराच्या नोंदी साफ लिहून काढणं. बैलगाडी असो, तंबू असो, डाकबंगला असो, क्रम तोच. त्यांच्याबरोबर राहिलेले लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. वेळेच्या बाबतीत हा माणूस कडक होता आणि घोरणार्‍या सोबत्याला माफी नव्हती.

इथे कुणी म्हणेल, आणि म्हणावंच, की हे खात्यापित्या घरचे चोचले आहेत. बिनपगारी काम करायला पाठीशी घर लागतं. बरोबर आहे. ज्याच्या घरी महिनाअखेरीस चूल कशी पेटेल हा सवाल असतो, त्याला ‘रोज थोडं थोडं कर’ असं सांगणं सोपं आहे, करणं नाही. शिवाय सलीम अलींच्या सवयीचा अर्धा भार तहमीना बेगमनी उचललेला होता. इंग्रजी साहित्य आणि उर्दू शायरीची जाण असलेली ही बाई शहरी आराम सोडून रानातल्या छावण्यांमधून नवर्‍याबरोबर फिरली. सामान, रसद, माणसं, मुक्काम, सगळं तिने पाहिलं म्हणून यांच्या हातात वही राहिली. १९३९ मध्ये एका साध्या शस्त्रक्रियेनंतर ती अचानक वारली. त्यानंतर सलीम अलींना बहीण कमू आणि मेहुण्यांनी आपल्या घरी ठेवून घेतलं. थोर पुरुषांच्या शिस्तीचं कौतुक करताना ही नावं घ्यायची राहून जातात, म्हणून इथे मुद्दाम घेतो.

दुसरी एक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण हा लेख वाचणार्‍यांपैकी कुणीतरी विचारेलच. सलीम अली नमाजी नव्हते. ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ या १९८५ मधल्या आत्मचरित्रात त्यांनी ते लपवलेलं नाही. लहानपणी अर्थ न समजावता करून घेतलेली प्रार्थना आणि धार्मिकतेचा दिखावा करणारी माणसं, या दोन्हींमुळे आपण दूर गेलो असं ते लिहितात. त्यांना ‘आपला माणूस’ म्हणून मिरवणारे हे पान गाळतात, आणि त्यांना ‘बेदीन’ म्हणून बाजूला करणारे बाकीचं पुस्तक गाळतात. मला दोन्ही मंजूर नाही. दिलाचा हिशेब अल्लाहकडे आहे. माझ्या पेशाला बोचतं ते वेगळंच आहे. त्या मुलाला शिकवणार्‍यांनी सातत्य तर शिकवलं, अर्थ नाही शिकवला, आणि मुलगा त्यांच्या हातून निसटला. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र त्याला अर्थ आधी मिळाला. मिलार्डनी खण उघडून दाखवले, पुस्तकं दिली, कातडी सोलून भरायला शिकवलं. सातत्य त्याच्या मागून आपोआप आलं.

१९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आलं. सामान्य माणसाने हातात धरून पक्षी ओळखावा असं पुस्तक. आणि मग ते मोठं काम, डिलन रिप्ली यांच्यासोबतचं भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचं हँडबुक. दहा खंड, १९६८ ते १९७४. पहिला खंड निघाला तेव्हा सलीम अली बहात्तर वर्षांचे होते, शेवटचा निघाला तेव्हा अठ्ठ्याहत्तरीला आलेले. या वयात माणूस दहा खंड लिहू शकतो का? शून्यातून नाहीच. चाळीसहून जास्त वर्षांच्या रात्री आधीच लिहून झालेल्या होत्या.

आता त्यांच्या नेतृत्वाबद्दल. सलीम अलींच्या बाबतीत हा शब्द कमी वापरला जातो. नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईत आठ जणांनी सुरू केली. त्यांत दोन आपले मराठी डॉक्टर होते, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. बाकीचे इंग्रज. पुढे कारभार साहेबांच्याच हाती राहिला. १९४७ ला साहेब गेले आणि संस्था पोरकी झाली. पैसे नव्हते. अशा वेळी ती जगवणार्‍यांत सलीम अली पुढे होते. त्यांनी थेट नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. पण पत्रापेक्षा मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. त्यांनी आपली सवय संस्थेची सवय केली. सोसायटीत मुंबई विद्यापीठाचे विद्यार्थी घेऊन त्यांना संशोधन करायला लावलं. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकरांनी सुगरणीचंच काम पुढे नेलं. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. जाळ्यात पक्षी पकडायचा, मापं घ्यायची, पायात अ‍ॅल्युमिनियमची कडी घालायची, वहीत क्रमांक लिहायचा, सोडून द्यायचा. कडीवर कोरलेलं असायचं की सापडल्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. बहुतेक कड्यांचं पुढे काहीच कळत नाही. तरी उद्या पहाटे पुन्हा जाळं लावायचं. १९७० च्या दशकात त्यांना गेटी पारितोषिकाचे पन्नास हजार डॉलर मिळाले, तेही सोसायटीच्या निसर्ग संरक्षण निधीत गेले.

आणि मग भरतपूर. राजस्थानातलं केवलादेव घना हे पाणथळ, पूर्वी महाराजांच्या शिकारीचं. ते बुजवून शेतीला द्यावं ही मागणी असताना वाचलं, त्यात सलीम अलींचा हात मोठा. त्यांचं मत होतं की तिथली गुराढोरांची चराई बंद झाली पाहिजे. त्यांच्या शब्दाला तेव्हा दिल्लीत वजन होतं. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये चराईबंदी आली. आजूबाजूच्या गावांच्या म्हशी पिढ्यानपिढ्या तिथे चरत होत्या. लोक चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, गावकरी मेले.

त्याच सुमारास सोसायटीचे संशोधक घनामध्ये राहून दहा वर्षांच्या एका अभ्यासासाठी नोंदी करत होते. पाणी किती, गवत किती, मासे किती, कोणता पक्षी किती. रोजची, कंटाळवाणी, सलीम अलींनीच लावलेल्या वळणाची नोंद. वर्षामागून वर्ष आकडे एकाच दिशेला झुकत गेले. म्हशी थांबल्यावर पाण्यातलं एक गवत बेसुमार माजलं होतं, त्याने उघडं पाणी झाकून टाकलं होतं, आणि पाणपक्ष्यांची जागा कमी झाली होती. म्हशी चरत होत्या तेव्हा त्या हे गवत आटोक्यात ठेवत होत्या.

सलीम अली २० जून १९८७ रोजी वारले. अंतिम अहवाल १९९१ चा. चराईबंदीने पक्ष्यांचं नुकसान झालं असं त्यांच्या सोसायटीने, त्यांच्या पद्धतीने केलेल्या नोंदींच्या आधारे, त्यात लिहून दिलं.